पारसिकच्या उतारावर जंगल उद्यान : व्हीलचेअर झाडांच्या शेंड्यांपर्यंत न्यायची कशी?

बेलापूर_आराखडा

नमस्कार मंडळी. बेलापूर बाजूला पारसिकच्या उतारावर साडेचार एकर जागेत जंगल उद्यानाचा प्राथमिक आराखडा तयार होतोय. त्यात एक अट पक्की आहे. व्हीलचेअरवरचं मूल, पांढरी काठी वापरणारा माणूस, गुडघे धरलेली आजी, सगळ्यांना सगळीकडे जाता आलं पाहिजे. ‘दिव्यांगांसाठी वेगळा कोपरा’ करायचा नाही.

जागा अशी : खालचं दार रस्त्यालगत, तिथून वरच्या हद्दीपर्यंत १८ मीटर चढ, सरासरी उतार १:४ (चार मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ). मधोमध एक घळ, पावसाळ्यात जोरात वाहते, डिसेंबरात कोरडी. वरच्या हद्दीला लागून जलकुंभाकडे जाणारा डांबरी रस्ता. दीड-दोन फूट मुरूम, खाली काळा कातळ. उघड्या उतारावर लावलेली गिरीपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सोनमोहर. घळीत करंज, उंबर, पांगारा, काटेसावर आणि दोन मोठे ऐन.

सध्याचा आराखडा : खालच्या दाराजवळ ६ मीटर उंच मनोरा, त्यात लिफ्ट आणि गोल रॅम्प. तिथून झाडांमधून उंचावरून जाणारा १८० मीटर वॉकवे, रुंदी दीड मीटर, वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या, शेवटी जिन्याने खाली. खेळाची जागा तळाच्या सपाटीवर, तिथे वाळू, ईपीडीएम रबर (जमिनीवर अंथरायचं मऊ रबर), ओंडके, पाण्याचा खेळ.

गोल रॅम्प सौम्य उताराचा करायला जागा पुरत नाही म्हणून भिस्त लिफ्टवर आहे. ते बरोबर आहे का? मुळं न तोडता खांब कसे उभे करायचे? अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग डेक, म्हणजे चालायचा पृष्ठभाग, कशाचा? आणि खेळाच्या जागेत माती-लाकूड ठेवून व्हीलचेअर कशी फिरवायची? चुकतंय तिथे स्पष्ट सांगा, आकड्यांसकट.

उतारवाट

मनोरा काढून टाका. तुमची जागा टेकडीची आहे आणि आराखडा सपाट मैदानाचा.

आधी हिशेब बघा. ६ मीटर चढायला १:२० चा रॅम्प म्हणजे १२० मीटर. दर १० मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा धरला तर मधल्या अकरा टप्प्यांचे आणखी साडेसोळा. सुमारे १३७ मीटरचं लोखंड नुसतं वर पोचायला, आणि वॉकवे १८० मीटरचा! १:१२ ने लांबी घटते, पण तो उतार दारातल्या दोन-चार पायऱ्यांच्या जागी ठीक. सहा मीटर तसा चढवला तर स्वतः चाकं फिरवणारा माणूस अर्ध्यात थकतो आणि उतरताना सगळा भार मागून धरणाऱ्याच्या मनगटांवर येतो. जर्मनीत बव्हेरियन फॉरेस्टमधला २००९ सालचा वॉकवे ४४ मीटरच्या मनोऱ्यावर जातो, तरी चढ कुठेही ६ टक्क्यांच्या वर नाही. पण त्यासाठी त्यांनी १३०० मीटर लांबी वापरली आहे. तुमच्याकडे ती नाही.

लिफ्ट असायला हरकत नाही. ती एकमेव वाट असली की अडचण. खाडीचं खारं वारं, दमट हवा, पावसात जाणारी वीज, या सगळ्यात ती बंद पडणार हे धरूनच चाला. ज्यांच्यासाठी केलं तीच माणसं मग वर अडकतात किंवा खालून माना वर करून बघत राहतात.

तुमच्याकडे घळ आहे, हे मोठं भाग्य. वरच्या रस्त्याच्या बाजूला, १७ मीटरच्या समोच्च रेषेवर (खालच्या दारापासून सगळीकडे सारख्याच, १७ मीटर उंचीवर), जमिनीच्याच पातळीला वॉकवे सुरू करा. पातळी न बदलता तो घळीवरून पलीकडच्या सोंडेवर, म्हणजे टेकडीच्या पुढे आलेल्या धारेवर, न्या. चालणाऱ्याला एक वीतसुद्धा चढायचं नाही, जमीन आपोआप खाली जाते. घळीचा तळ १० मीटर पातळीवर असेल तिथून ओलांडलीत तर पायाखाली ७ मीटर मिळतात. शिवाय घळीत माती आणि ओल जास्त, म्हणून उंच झाडंही तिथेच आहेत. करंजाचा आणि ऐनाचा घेर थेट डोळ्यांसमोर येईल. उघड्या उतारावरच्या गिरीपुष्पाच्या डोक्यावर मनोरा उभारून खाली फक्त काटक्या दिसल्या असत्या.

लांबी ८०-९० मीटर पुरे. दोन्ही टोकं जमिनीवर टेकतात, म्हणजे बाहेर पडायला दोन वाटा झाल्या. तुमच्या आराखड्यात शेवटी जिना आहे. तिथपर्यंत आलेल्या व्हीलचेअरला सगळी गर्दी चिरत मागे फिरावं लागेल, आणि आग लागली किंवा मोहोळ उठलं तर मागे फिरायलाही जागा उरणार नाही.

रुंदी दीड मीटर नको. दीड मीटरच्या वर्तुळात एक व्हीलचेअर जेमतेम वळते. दोन समोरासमोर आल्या तर दोन्ही बाजूंच्या हातकठड्यांमध्ये निव्वळ १.८ मीटर लागतात. मुंबईत मलबार हिलचा ४८५ मीटरचा वॉकवे २.४ मीटर रुंद आहे. शाळांच्या सहली येणार असतील तर तुम्हीही २.४ घ्या. झाडं वाचवायला कुठे अरुंद करावं लागलं तर १.८ पर्यंत या, पण दर २५ मीटरला थांबायला खण द्या, बाकासह, आणि बाकाशेजारी ९०० बाय १२०० मिमी मोकळी जागा. व्हीलचेअरवरच्या माणसाला बरोबरच्यांच्या शेजारी थांबता आलं पाहिजे, वाटेच्या मध्ये नव्हे.

अर्थात मग मुख्य दार वर, जलकुंभाच्या रस्त्यावर करावं लागेल. ३.६ बाय ५ मीटरच्या तीन-चार पार्किंगच्या जागा दारापासून ३० मीटरच्या आत. आणि हे दार सगळ्यांचं असू द्या, ‘मागचं सोयीचं दार’ नको.

पाचची_बस

वरच्या दाराचं पटलं, पण एनएमएमटीची (नवी मुंबई पालिकेची) बस खाली थांबते. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काय? खालून १७ मीटर चढ १:२० ने केला तर टप्प्यांसह ३९० मीटर होतात. दर ३० मीटरला बाक दिला तरी तो सगळ्यांना झेपणार नाही. वळणावळणाची ती वाट जरूर करा, पण दोन्ही दारांमध्ये बॅटरीवर चालणारी गाडीही हवी. मागून उघडणारी, घडीचा रॅम्प आणि व्हीलचेअर बांधायचे चार पट्टे असलेली. निविदेत नुसतं ‘बॅटरी कार’ लिहिलंत तर गोल्फच्या मैदानातली गाडी येईल, आणि तिच्यात व्हीलचेअर चढत नाही.

दुसरं, दारावर दुचाक्या रोखायला आपल्या बागांत लोखंडी नागमोडी फाटक लावतात. त्यातून दुचाकी जात नाही, तशी व्हीलचेअर आणि बाबागाडीही जात नाही. खुंट लावा, मध्ये किमान ९०० मिमी मोकळं सोडा, शक्यतो हजार. एवढ्यातून मोटारसायकल घुसते हे खरं आहे. तिथे पहारेकरी लागेल. त्याचा पगार आराखड्यातच धरा.

मूळ_आणि_पाया

खांबांबद्दल.

झाडाच्या छातीइतक्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे मुळांचं राखीव क्षेत्र. ४५ सेंमी बुंधा असेल तर ५.४ मीटर. घळीतल्या प्रत्येक झाडाचं वर्तुळ सर्व्हेच्या नकाशावर काढा, उरलेल्या पांढऱ्या जागांत खांब बसवा, आणि गाळे (दोन खांबांमधली अंतरं) त्यावरून ठरवा. आधी सारखे गाळे आखून नंतर झाडं चुकवायला गेलात तर ऐन जाईल.

काही खांब वर्तुळात येणारच. तिथे उघडा चौकोनी पाया खणू नका. १५० ते २०० मिमी व्यासाच्या तीन-चार मायक्रोपाइल (जमिनीत भोक पाडून भरलेले बारीक खांब) घ्या. वरचा ६० सेंमी थर हाताने उकरून बघा, कारण बहुतेक मुळं तेवढ्यातच असतात. २५ मिमीपेक्षा जाड मूळ दिसलं तर पाइल सरकवा, मूळ तोडू नका. कातळ लगेच लागतोय ही तुमच्या सोयीची गोष्ट. कातळात किती आत जायचं ते भूतज्ज्ञाचा अहवाल सांगेल, पण वरचा पोकळ-भुसभुशीत थर त्या खोलीत धरू देऊ नका. पाइलांची डोकी जोडणारी कॅप जमिनीत पुरायची नाही, पोलादी प्लेटची कॅप जमिनीच्या १०० मिमी वर ठेवा. पाइलमध्ये भरायच्या ग्राउटचं सिमेंटपाणी मुळांत जिरलं की माती अल्कधर्मी होते, म्हणून ते अडवून बादल्यांनी बाहेर काढा. आणि घळीत जेसीबी उतरवायचा नाही, एकदाही नाही. ओल्या मातीवरून एक फेरी झाली तरी माती इतकी दबते की मुळांना हवा मिळेनाशी होते, आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. हातांनी उचलून नेता येणारी ड्रिलिंग मशीनं मिळतात.

प्रवाहाच्या पात्रात खांब नको. तो गाळा १५-१८ मीटरचा करून पात्र ओलांडा, बाकीचे ९ ते १२ मीटरचे. पात्रात खांब आला की पहिल्या मोठ्या पावसात त्याला पालापाचोळा, फांद्या, प्लास्टिक अडकतं, पाणी बाजूने वळतं आणि काठ खचतो.

झाडाला वॉकवे टेकवू नका, बोल्टही मारू नका. सात मीटर उंचीवर बुंधा वाऱ्यात हलतो आणि दरवर्षी जाडही होतो. ३०० मिमी मोकळं सोडा. डेकमधून बुंधा काढायचा मोह सगळ्यांना होतो, चित्रात छान दिसतं. पण त्या फटीत व्हीलचेअरचं पुढचं चाक जातं. वाट वळवून शेजारून न्या.

भार : गर्दीसाठी ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरा. २.४ मीटर रुंदीला दर मीटरला १२ किलोन्यूटन, साधारण सव्वा टन. वाऱ्यासाठी मुंबई परिसराचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. एवढं सगळं बहुतेक डिझायनर करतात. राहून जातं ते कंपन. माणसाची चाल सेकंदाला दोन पावलांच्या आसपास असते. पुलाची उभी वारंवारिता ५ हर्ट्‌झच्या वर ठेवा, आडवी अडीचच्या वर. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडून दोन दिवसांत बंद करावा लागला, तो आडव्या डोलण्यामुळे. साध्या गाळ्याची ढोबळ परीक्षा अशी : स्वतःच्या वजनाने मधोमध किती मिलीमीटर वाकतो त्याचं वर्गमूळ काढा आणि १८ ला त्याने भागा, हर्ट्‌झ मिळतात. म्हणजे १२ मिमीपेक्षा जास्त वाकत असेल तर तुळईची खोली वाढवा. पूल मजबूत असूनही थरथरला तर काठीवर चालणारा माणूस आणि तोल सांभाळणारं मूल पुढे पाऊल टाकत नाहीत.

लंडनच्या क्यू उद्यानातल्या १८ मीटर उंच वॉकवेसारखं गंजरंगी कॉर्टेन पोलाद कुणी सुचवलं तर नको म्हणा. त्याचा संरक्षक थर बसायला ओलं-कोरडं-ओलं असं चक्र लागतं. इथे चार महिने ते कोरडंच होत नाही, वर खाडीचा क्षार. गरम जस्तात बुडवलेलं साधं पोलाद घ्या, जस्ताचा थर सरासरी ८५ मायक्रॉन, वर रंगाची प्रणाली. सगळे जोड बोल्टचे. साइटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, आणि वरून मारलेला चंदेरी रंग दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो. सुट्या भागांची लांबी जस्ताच्या हौदात मावेल अशी ठरवा. पोकळ पाइपांना हवेची आणि निचऱ्याची भोकं कारखान्यातच पाडून घ्या, बंद पाइप हौदात फुटतो. जस्ती पोलादावर स्टेनलेसचे छोटे बोल्ट चालतात. स्टेनलेसच्या जाळीला जस्ती बोल्ट मात्र लावू नका, ते लवकर खाऊन जातात.

पागोळी

डेक : डब्ल्यूपीसी नको. एप्रिलमध्ये तापते, फुगून फळ्यांमधल्या फटी बंद होतात, आणि श्रावणात शेवाळ धरलं की काचेसारखी घसरते. सागाचं लाकूड सुंदर, पण स्क्रूच्या भोकापासून कुजायला लागतं. एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) जाळी घ्या, वर वाळूचा खरखरीत थर असलेली. नेहमीच्या ३८ मिमी चौकटीच्या जाळीत व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं, म्हणून मोकळी फट १२-१३ मिमीपेक्षा मोठी नसलेली बारीक जाळी मागा. पाणी थांबत नाही, शेवाळ कमी धरतं, उजेड खाली झिरपतो. वॉकवेच्या दोन्ही टोकांना, जिथे डेक जमिनीपासून फूटभर उंच असतो, तिथे उजेडाचं महत्त्व जास्त. बंद डेकखाली झुडपं मरतात, माती उघडी पडते आणि जूनच्या सरींनी वाहून जाते.

ओल्या पृष्ठभागाचा घसरणरोध पेंडुलम चाचणीने (झुलता रबरी पाय पृष्ठभागावर घासून) तपासून घ्या, आकडा ३६ च्या खाली आला तर माल परत. ही अट निविदेत लिहा, आणि एक वर्ष वापरल्यावर पुन्हा चाचणी, हेही.

उंबर आणि जांभळाच्या थेट खालून वाट नेऊ नका. पिकलेली फळं पडली की चिखल होतो, माश्या येतात, रात्री वटवाघळं. शेजारून न्या, पक्षी तिथूनही दिसतात.

पांढरी_काठी

पागोळी, तुमची जाळी व्हीलचेअरला चालेल, पण पूर्ण रुंदीभर जाळी नको. काठीचं टोक बारीक जाळीवरही अडखळत राहतं, माणसाचं सगळं लक्ष त्यातच जातं. उंचीची भीती असणाऱ्यांना पायाखाली सात मीटर खोली दिसते, त्यातले बरेच जण पहिल्या खणातूनच परततात. शिकवलेला श्वानही जाळीवर पाय टाकायला नाखूश असतो.

मधोमध १२०० मिमीचा बंद एफआरपीचा पट्टा घ्या, वाळूच्या थराचाच, १:१०० ने बाजूला उतरता. दोन्ही कडांना जाळी. पाणी कडेला जाऊन पडतं, उजेडही मिळतो, आणि काठीला ‘मधली वाट’ कळते. थांबायच्या खणाशी पृष्ठभाग बदला म्हणजे पावलाचा आवाज बदलतो, तीच खूण. ठिपक्यांच्या फरशा वाटभर पसरू नका, फक्त सुरुवातीला, शेवटी आणि फाटा फुटतो तिथे. कडेला १०० मिमी उंच पट्टी सलग हवी, एकाही ठिकाणी न तुटता.

हातकठडे दोन उंचींवर, ७६० आणि ९०० मिमी, नळी ३८ ते ४५ मिमी, बाजूच्या कठड्याच्या जाळीपासून ५० मिमी सुटी. सलग. दर खांबाशी तुटलेला कठडा अंध माणसाला तिथे काहीतरी संपलं असं सांगतो. खण यायच्या आधी कठड्याच्या वरच्या अंगाला मराठी ब्रेलमध्ये दोन शब्द : ‘ऐन, उजवीकडे’. आणि त्या जागी ऐनाची भेगाळ साल हाताला लागेल असा एक वाळलेला तुकडा बसवा. मगरीच्या पाठीसारखी ती साल एकदा हाताला लागली की झाड पुन्हा ओळखता येतं.

सुरक्षा कठडा १.२ मीटर उंच असतो, आणि व्हीलचेअरवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे बरोबर ११०० ते १२५० मिमीच्या पट्ट्यात. म्हणजे जाड वरचा दांडा नेमका नजरेत येतो. वरची नळी बारीक ठेवा, खाली स्टेनलेस तारेची विणलेली जाळी, ४० मिमी चौकटीची. आडव्या तारा नकोत, मुलं शिडी करतात. काचेचे फलकही नकोत. पावसाळ्यात हिरवे होतात आणि पक्षी आपटतात.

बेलापूर_आराखडा

मनोरा आणि जिना दोन्ही आराखड्यातून काढले. १७ मीटरची रेषा नकाशावर आखली, वॉकवे ८६ मीटर भरतो, पात्रावरचा गाळा १६ मीटरचा. खेळाची जागा मात्र अजून तळाशीच आहे. ती वर आणायची का?

मातीचा_किल्ला

आणा. वॉकवेच्या पलीकडच्या टोकाला, सोंडेवर. खेळाची जागा तळाशी ठेवलीत तर वरून आलेल्या व्हीलचेअरला तिथे जायला पुन्हा ३९० मीटर.

खेळाच्या जागेत पडण्याची उंची वाढली की खाली मऊ थर लागतो, आणि मऊ थर म्हणजे वाळू किंवा लाकडाचा चुरा, ज्यात चाक रुततं. म्हणून उंचीच कमी ठेवा. ईएन ११७६ या खेळसाधनांच्या युरोपीय मानकाप्रमाणे ६०० मिमीपर्यंतच्या पडण्याला वेगळा चाचणी केलेला पृष्ठभाग लागत नाही, फक्त झोका, चक्र अशी गती देणारी साधनं सोडून. ओंडके, दगड, फळ्या सगळं ६०० च्या आत बसवा, खाली घट्ट माती किंवा गवत. रबर फक्त झोक्याखाली, आणि सावलीत, मे महिन्यात अनवाणी पाय भाजतात. वाळू वापरायचीच तर गोल कणांची, ०.२ ते २ मिमी, धुतलेली. क्रशरची वाळू टोकदार असते आणि भुकटीमुळे दगडासारखी बसते. खाडीची तर नकोच.

घसरगुंडी उतारावर टेकवा. चार मीटरची उंची मिळते आणि पडायची उंची जवळपास शून्य, कारण दोन्ही बाजूंना जमीनच आहे. वर ४५० मिमी उंचीचा चौथरा द्या, व्हीलचेअरवरून त्यावर सरकून बसता येतं. खालच्या टोकालाही तसाच, आणि खालून वर परत यायला १:२० ची वाट, नाहीतर मूल खाली आणि खुर्ची वर. चार मीटरला टप्प्यांसह ९० मीटर वाट लागते, म्हणून मुलांसाठी पहिली घसरगुंडी दीड मीटरचीच करा, वाट ३३ मीटरची होते. पोलादी घ्या, प्लास्टिकची नको : प्लास्टिकवर घसरताना अंगात स्थिर वीज साठते, आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलांच्या यंत्राला ती घातक ठरू शकते. पोलाद तापतं, म्हणून करंजाच्या सावलीत, तोंड उत्तरेकडे. वरच्या बाजूला चर काढा, नाहीतर पावसात तिचा ओढा होतो.

चिखलाची भांडीकुंडी हा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. ओट्याखाली गुडघे जायला ७०० मिमी मोकळी उंची ठेवा. पाणी हातपंपाने, दांडा बसून पोचेल असा. रोज संध्याकाळी सगळी कुंडं रिकामी करायची, आठवडाभर पाणी साचलं तर डेंग्यूचे डास तयार होतात. जून ते सप्टेंबर जमिनीवरचा चिखल बंद : उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो आणि मुलांच्या पायांना खरचटलेलं असतंच. त्या चार महिन्यांत फक्त उंच ट्रेमधली माती, छपराखाली.

कोनाडे-फटी एवढ्या ठेवू नका की आत काय आहे ते दिसत नाही. ओंडक्यांचे ढीग, दगडांची रचना यांत घोणस, मण्यार आसरा घेतात. ओंडके एकेकटे ठेवा, साल काढलेले, खालून चुरी भरून. विषारी झाडं हाताच्या अंतरावर नकोत : कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड, रुई. खाजकुयलीचे वेल दिवाळीनंतर शेंगा वाळायच्या आत शोधून काढा, शेंगांची लव वाऱ्यानेही उडते.

वासाला वाळा, गवती चहा, सब्जा, कढीपत्ता, गुडघ्याच्या उंचीच्या वाफ्यात. स्पर्शाला लाजाळू आणि सागाचं खरखरीत पान. बकुळीचं एक झाड वाटेच्या कडेला लावा, फुलं वेचायला व्हीलचेअरच्या उंचीचा पार करून.

गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी झोक्यांपासून दूर, पाठ टेकवता येईल असा अर्धगोल आडोसा. तिथून बाहेरचं दिसलं पाहिजे. संपूर्ण खेळजागेला कुंपण आणि एकच दार, म्हणजे पळणाऱ्या मुलामागे धावणाऱ्या आईला श्वास मिळेल. दाराशी, न बोलणाऱ्या मुलांना बोट ठेवून सांगता येईल असा, चित्रांचा बोलफलक : ‘पाणी’, ‘झोका’, ‘पुन्हा’, ‘बास’, ‘शू’. आणि शू म्हटलं की स्वच्छतागृह. दार ९०० मिमी, बाहेर उघडणारं. आत १.८ मीटर लांबीचा बदलण्याचा बाकही हवा. बारा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला आज घरच्यांना जमिनीवर चादर टाकावी लागते.

जाळरेषा

काही गोष्टी राहिल्या.

वणवा : पारसिक-खारघरच्या उतारांवरचं गवत दिवाळीनंतर वाळतं आणि मेपर्यंत पेटत राहतं. एफआरपी जळतं. अग्निरोधक रेझिनचंच मागवा, आणि डिसेंबरात हद्दीने ६ मीटर जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) कापा. वॉकवेच्या खाली वाळलं गवत ठेवू नका.

आग्या मोहोळ : पुलांच्या पोटाशी बसायला त्यांना आवडतं. ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला खालून पाहणी. दिसलं तर वॉकवे बंद, धूर करायचा नाही, माणसं जाणकार बोलवायची.

माकडं : खाद्यपदार्थ वर न्यायला बंदी, कचरापेट्या फक्त दाराशी, झाकणाला खिट्टी. अंधार पडायच्या आत उद्यान बंद आणि वॉकवेवर दिवे नकोत. घळ रात्री प्राण्यांची वाट असते.

सोनमोहर वॉकवेच्या पल्ल्यात असतील तर एप्रिलमध्ये तपासणी, ठिसूळ फांद्या पावसाच्या पहिल्या वाऱ्यात येतात. छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज फेब्रुवारीत जाऊ द्या. डेकवर न झुकणाऱ्या वाळक्या खोडांना हात लावू नका, तांबटाची घरं त्यात असतात.

सातबारा

नकाशांत आणखी वेळ घालवण्याआधी सातबाऱ्यावर खाजगी वनाची नोंद आहे का ते बघा. वन म्हणून नोंद असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी, आणि मग सगळं वेळापत्रक बदलतं. झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदा. पन्नास वर्षांवरची झाडं त्यात आता वारसा वृक्ष आहेत, दोन ऐनांचं वय काढून घ्या.

सुगम्यतेसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ : नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगीच देता येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असं केंद्राला सांगितलं आहे. त्यामुळे ‘बजेट उरलं तर रॅम्प’ हे कुणी म्हणालं तर हा निकाल पुढे ठेवा.

उतारवाट

८६ मीटर छान बसलंय. आता एक काम ड्रॉइंग पक्कं होण्याआधी करा. १७ मीटरची रेषा जागेवर चुन्याने आखा. दोन्ही टोकं, थांबायचे खण, खेळजागेचं दार, सगळीकडे खुंट्या ठोका आणि १.२ मीटर उंचीवर दोरी ताणा. घळीवर जाता येणार नाही, पण दोन्ही सोंडांवर प्लायवूड टाकून व्हीलचेअर फिरवता येते. वापरणाऱ्यांनाच बोलवा : स्वतः चाकं फिरवणारा एक, मागून ढकलून नेली जाणारी एक, बॅटरीवरची एक, काठीवाला एक, आणि एक लहान मूल. दोरी कुणाच्या नजरेत येते, खण कुठे दोन मीटर सरकवला तर ऐन दिसतो, हे त्या तासाभरात कळतं. मार्चमध्ये करा. गवत वाळून बसलेलं असतं, जमीन दिसते, आणि पांगारा तेव्हा फुललेला असतो. खण त्याच्यासमोर यायला हवा.